दिवाळी अंकांच्या आधी खुर्ची : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

काम: रोज नऊ-दहा तास बसता येईल अशी खुर्ची घ्यायची. मुदत ३१ जुलै. बजेट १५ हजार, फारच चांगली मिळाली तर दोनेक हजार वर.

मुदत यासाठी की मी घरून डीटीपी (संगणकावर छपाईची पानं लावायचं काम) करते आणि ऑगस्ट लागला की दिवाळी अंकांची पानं यायला लागतात. गेल्या वर्षी तीन अंक केले, यंदा चार घेतलेत. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे म्हणजे सप्टेंबरअखेर सगळं प्रेसला जायला हवं. गेल्या सप्टेंबरात शेवटच्या अंकाच्या वेळी कंबर अशी धरली की खुर्चीतून उठून सरळ उभं राहायला मिनिटभर लागायचं, आणि एक रात्र तर मी जमिनीवर पालथी पडून लॅपटॉपवर प्रूफं लावली. परत ते नको. म्हणून यावेळी नुसतं दुकानात जाऊन मऊ वाटली ती उचलली असं करायचं नाही, सगळं लिहून ठेवायचं.

१० जून

आधी सध्याच्या खुर्चीचं काय बिघडलंय ते बघितलं. २०१७ ला घेतलेली रिव्हॉल्व्हिंग. बसलं की दहा मिनिटांत हळूहळू खाली जाते. आत जो सिलेंडर असतो त्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, सील गेलं की गॅस धरत नाही, आणि त्यात परत गॅस भरत नाहीत, अख्खा सिलेंडर बदलतात. सीटचा फोम मधे पार बसलाय, बोट दाबलं तर खालचा प्लायवूड लागतो. रेक्झिनचे पापुद्रे निघून उन्हाळ्यात मांडीला चिकटतात. वरचा पीयूचा (पॉलीयुरेथेन या प्लास्टिकचा) थर घाम आणि दमट हवेनं सुटतो, पावसाळ्यात जास्तच. तेव्हा रेक्झिन यावेळी बाद.

पण खरी गोष्ट वेगळीच निघाली. भाची सध्या कॉलेजसाठी माझ्याकडे राहतेय, तिला सांगितलं की मी काम करत असताना मला न सांगता तासातासाला बाजूनं एक फोटो काढ. दिवसभरात दहा फोटो. दहापैकी आठ फोटोत माझी पाठ खुर्चीला टेकलेलीच नाहीये! सीटच्या पुढच्या कडेवर बसलेय, मान पुढे, पाय खुर्चीच्या चाकांच्या दांड्यांवर. म्हणजे आठ वर्षं मी पाठ असलेलं स्टूल वापरत होते असं म्हणायला हवं. मला हे फोटो बघून धक्का बसला कारण मी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की मी टेकूनच बसते.

म्हणून या प्रकल्पाचं एकच मोजमाप ठरवलं: दहा फोटोंपैकी किती फोटोत पाठ टेकलेली आहे. आजचा आकडा २.

१२ जून

स्वतःची मापं घेतली. भिंतीला टेकून, सपाट लाकडी स्टुलावर बसून, भाचीनं शिंप्याची टेप धरली. उंची १५५ सेंमी. जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत ३९, अनवाणी. कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून त्याच खळगीपर्यंत ४४. बसल्यावर सीटपासून कोपरापर्यंत २१. कमरेची रुंदी बसून ३७.

अनवाणी हा शब्द मुद्दाम लिहिला. ऑफिसात माणूस बूट-सँडल घालून बसतो, त्यात दोन-तीन सेंमी मिळतात. घरी आपण चपला दाराशी काढतो. तीच खुर्ची घरी आणली की तेवढीच उंच वाटते आणि पाय लोंबकळतात. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आता ही मापं घेऊन ऑनलाइन खुर्च्या बघायला बसले. बहुतेकांची सीटची सगळ्यात खालची उंची ४३ ते ४६, सीटची खोली (पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचं अंतर) ४८ ते ५०. मला गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा सुटायला हवी, म्हणजे खोली ४० च्या आसपास पाहिजे. ५० खोलीच्या सीटवर पाठ टेकायला गेले तर सीटची कड पोटरीत रुततेय, म्हणून मी पुढे सरकते, म्हणून पाठ टेकत नाही. आठ फोटोंचं निम्मं उत्तर इथेच आहे.

जाहिरातीत हेडरेस्ट, लंबर (कमरेचा टेकू), थ्रीडी आर्मरेस्ट सगळं मोठ्या अक्षरात असतं. सीटची खोली शोधायला शेवटच्या चित्रापर्यंत जावं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी ती दिलेलीच नसते.

२१ जून, शनिवार

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी, ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. रस्ते बंद, दुकानं बघायला जाणं शक्य नाही. सकाळी दर्शन घेऊन आले आणि दिवसभर वाचत बसले.

टिपून ठेवण्यासारखं:

स्वीडनचे हाडांचे सर्जन आल्फ नाखेमसन यांनी १९६० आणि ७० च्या दशकात माणसांच्या मणक्यातल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. टेकू न घेता ताठ बसल्यावर कमरेच्या चकतीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा साधारण ४० टक्के जास्त निघाला. ‘बसणं उभं राहण्यापेक्षा वाईट’ हे आपण ऐकतो ते तिथूनच आलं. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसाच्या चकतीत सेन्सर बसवून परत मोजलं, तर बसण्यात आणि उभं राहण्यात तेवढा फरक आला नाही, आणि मागे रेलून बसल्यावर दाब चांगलाच कमी आला. दोघांचे आकडे जुळत नसले तरी एक गोष्ट दोन्हीकडे आहे, पाठीचा भार पाठीमागच्या टेकूवर गेला की मणका सुटतो. लहानपणी ‘ताठ बस’ म्हणून किती ओरडा खाल्लाय, पण दहा तास कामाला बसणाऱ्याला ताठ नव्हे, थोडं मागे रेलून बसता यायला हवं.

दुसरं, बिफ्मा. प्रत्येक जाहिरातीत ‘बिफ्मा सर्टिफाइड’ असतं. ही अमेरिकेतल्या ऑफिस फर्निचर बनवणाऱ्यांची संघटना आहे, आणि तिची खुर्च्यांसाठीची एक्स ५.१ ही चाचणी मजबुती आणि टिकाऊपणा बघते. वजन टाकून, हजारो वेळा दाबून, खुर्ची मोडते का ते. हे महत्त्वाचं आहेच, पण ती खुर्ची मला आरामदायक होईल का याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही. तसंच ‘क्लास ४ गॅसलिफ्ट’चं, तो सिलेंडरच्या ताकदीचा दर्जा आहे, उंचीचा नाही.

तिसरं, भारतीय शरीरांची मापं आपल्याकडे घेतलेली आहेत. अहमदाबादच्या एनआयडीनं (राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं) १९९७ मध्ये देबकुमार चक्रबर्ती यांचं त्यावरचं पुस्तक काढलं, डिझाइन शिकणारी मुलं ते वापरतात. म्हणजे माहिती आहे. मग दुकानातल्या खुर्च्या ती धरून का बनत नाहीत याचा मला मनापासून राग येतो, कारण १५५ उंचीची बाई ही काही या देशात अपवाद नाही, माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायका माझ्याएवढ्या किंवा माझ्यापेक्षा बुटक्या आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणी बँकेत, ऑफिसात, कॉल सेंटरवर दिवसभर पाय लोंबकळत बसतात.

२८ जून, शनिवार

एका मोठ्या ब्रँडच्या शोरूमला गेले. नियम ठरवून गेले होते: प्रत्येक खुर्चीत किमान २० मिनिटं, लॅपटॉप सोबत, खरं काम उघडून. पहिल्या दोन मिनिटांत सगळ्या खुर्च्या छान वाटतात, विशेषतः जाड फोमवाल्या. सेल्समन मुलगा चांगला होता, म्हणाला, “ताई, बसा निवांत, शनिवारी दुपारी कोणी नसतं.”

चार खुर्च्यांत बसले. जाळीची पाठ मला मानवली, पुण्याच्या एप्रिल-मे मध्ये पंख्याखाली बसणाऱ्याला जाळीच हवी. जाळीची सीट मात्र नाही आवडली, पुढच्या बाजूला फ्रेमची कडक कड मांडीखाली लागते. म्हणजे पाठ जाळीची, सीट फोमची. फोमही साच्यात ओतलेला हवा, स्लॅबमधून कापलेला नको, कापलेला लवकर बसतो. मुलानं एका खुर्चीचं खालचं कव्हर उघडून दाखवलं, साच्यातल्या फोमच्या कडा गोल आणि गुळगुळीत असतात.

मेकॅनिझमचा फरक आज बसूनच कळला. साध्या खुर्चीत मागे रेललं की सीट आणि पाठ एकदम हलतात, पुढची बाजू वर उचलली जाते, पाय सुटतात. सिंक्रो मेकॅनिझममध्ये पाठ जास्त मागे जाते आणि सीट थोडीच, साधारण दोनास एक, त्यामुळे पाय जमिनीवरच राहतात. माझ्यासारख्या बुटक्या माणसाला हे फार मोलाचं आहे.

सगळ्यात बरी वाटली ती २४ हजारांची, सीट पुढेमागे सरकवता येणारी. बजेटबाहेर. फोटो काढून ठेवले, सीट स्लायडर ही गोष्ट यादीत सगळ्यात वर.

५ जुलै

ऑनलाइन मागवलेली खुर्ची आली, ८,४०० रुपये. परत घेण्याची मुदत सात दिवस म्हणून धाडस केलं. एका कंपनीची, नाव लिहीत नाही. पानावर सीटची खोली ४५ लिहिली होती, टेपनं मोजली तर ४९. कुठून कुठे मोजलं त्यांनी कोण जाणे. लंबरची उशी माझ्या पाठीच्या मधोमध येते, कमरेला नाही, आणि सगळ्यात खाली सरकवली तरी तिथेच. आर्मरेस्ट टेबलाच्या कडेला आपटतात. मांडी घालून बसायला गेले तर गुडघे आर्मरेस्टमध्ये अडकतात, आणि मी दुपारी वाचन करताना तासभर तरी मांडी घालते, ती सवय मोडायची माझी इच्छा नाही.

११ जुलै

पाच दिवस प्रामाणिकपणे बसले. फोटोंचा आकडा ३. परत पाठवली. डबा नीट जपून ठेवला होता म्हणून पैसे परत मिळाले, डबा फेकला असता तर अवघड होतं.

पण या खुर्चीनं एक दाखवून दिलं. पाठ न टेकायचं दुसरं कारण स्क्रीन आहे. मराठीत प्रूफ लावताना अनुस्वार गेला का, रफार जागेवर आहे का, जुन्या फॉन्टमधून युनिकोड करताना जोडाक्षर फुटलं का, हे बघायला मी नाक स्क्रीनला लावते. स्क्रीन भिंतीला चिकटलेला, माझ्यापासून ८५ सेंमीवर. कितीही महागडी खुर्ची आणली तरी मी पुढे वाकणारच! आज मॉनिटर पुढे ओढून हाताच्या अंतरावर आणला, खाली दोन जाडजूड शब्दकोश ठेवून उंच केला, आणि पानं १५० टक्क्यांवर बघायची सवय लावतेय. प्रूफाचे कागद डावीकडे टेबलावर पसरायची, ते आता तिरक्या पाटीला चिमट्यानं लावते.

त्याच जुन्या खुर्चीत आजचा आकडा ५. खुर्चीवर एक रुपया खर्च न करता.

१९ जुलै, शनिवार

फुरसुंगीच्या पुढे जुन्या ऑफिस फर्निचरचं गोडाऊन आहे, एका प्रेसवाल्यानं सांगितलं होतं. खराडी, हिंजवडीकडची ऑफिसं जागा बदलतात तेव्हा तिथला माल इथे येतो. पत्र्याची शेड, आत चारेकशे खुर्च्या एकावर एक. मी अडीच तास होते तिथे. मालक म्हणाले, “मॅडम, एवढं माप घेऊन खुर्ची घेणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय, पण बरोबर करताय.” त्यांनी पोराला सांगून एकेक काढून दिली.

एक एरॉनही होती, हर्मन मिलर या अमेरिकन कंपनीची नावाजलेली ऑफिस खुर्ची. ती १९९४ ची डिझाइन, बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांची, आणि ती ए, बी, सी अशा तीन मापांत निघाली. चपलेला माप असतं तसं खुर्चीलाही असायला हवं हे कुणीतरी तीस वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. ही बी माप, ३५ हजार. मला ए लागेल. हात फिरवून पुढे गेले.

शेवटी जी सापडली ती अशी: पाठ जाळीची, सीट साच्यातल्या फोमची, सिंक्रो, सीट स्लायडरची कमीत कमी खोली ४१, लंबर वरखाली होतो आणि माझ्या कमरेच्या खळगीत नेमका बसतो, आर्मरेस्ट पार खाली जातात, सीटची कमीत कमी उंची ४२. उजव्या आर्मरेस्टची गादी चिरलेली, सीटचं कापड मळकं. २० मिनिटं बसून सिलेंडर खाली येतो का बघितलं, नाही आला. आडवी करून बेसच्या पाचही दांड्यांना तडे आहेत का बघितलं, मागे रेलून कुरकुर ऐकली, लॉक पाचही जागी बसतो का बघितलं. साडेनऊ हजार म्हणाले, नऊला दिली. टेम्पोचे सहाशे.

२२ जुलै

सीट ४२, माझी खळगी ३९. खुर्ची दुरुस्त करणाऱ्या दादांना बोलावलं, म्हटलं, छोटा सिलेंडर टाकून द्या. ते आले, बघितलं, आणि मला टेबलाकडे बोट करून म्हणाले, “ताई, खुर्ची अजून खाली केलीत तर हात कुठे ठेवणार?”

अगदी खरं. टेबल ७६ सेंमी उंच. सीट ३९ वर आणली तर माझं कोपर ६० वर, आणि कीबोर्ड ७८ वर. खांदे उचलूनच टाइप करावं लागणार, मग मान धरणार. टेबलाचे पाय कापले तर प्रश्न मिटतो पण ते वडिलांचं सागवानी टेबल आहे, त्यावर त्यांनी तीस वर्षं हिशेब लिहिले, त्याला करवत लावायची नाही.

दादांनी सिलेंडर न बदलताच फक्त चाकं बदलून दिली. आधीची नायलॉनची कडक होती, फरशीवर घरंगळायची आणि खालच्या मजल्यावर आवाज जायचा. पीयूची मऊ टाकली, पाच चाकांचे साडेचारशे. सिलेंडर विकून त्यांना जास्त पैसे मिळाले असते, तरी त्यांनी नको म्हणून सांगितलं, हे नोंदवून ठेवतेय.

२६ जुलै

टेबलाला मधोमध एक ड्रॉवर आहे. सुतारकाकांना बोलावलं. ड्रॉवर काढून (पोटमाळ्यावर नीट गुंडाळून ठेवलाय) त्या जागी खाली चॅनलवर सरकणारी फळी बसवली, कीबोर्ड आणि माउस दोन्ही मावतील एवढी रुंद. मूळ लाकडाला कुठेही कापलं नाही, फक्त आतल्या बाजूनं स्क्रू. फळीची वरची बाजू ६२ वर आली, वर पातळ कीबोर्ड, म्हणजे हात ६४ वर. मजुरीसह १,८००.

मग हिशेब उलटा लावला. हात ६४ वर हवेत, कोपर सीटपासून २१, म्हणजे सीट ४३. सीट ४३ म्हणजे पायाखाली ४ सेंमी हवेत. मी फूटरेस्ट शोधत ऑनलाइन बसले होते तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून जेवायचा पाट घेऊन आली आणि माझ्या पायाखाली सरकवला. मोजला. साडेचार सेंमी.

पाऊल पूर्ण टेकलं, मांडीखालचा दाब गेला, खांदे आपोआप खाली आले. एवढे दिवस मी जमिनीपासून वर मोजत होते. टेबल हलणार नसेल तर वरून खाली मोजायला हवं, आधी हात कुठे टेकतात ते, मग सीट, आणि उरलेलं अंतर पायाखाली भरून काढायचं.

२ ऑगस्ट

पहिला आठवडा. फोटो रोजच्या रोज: ६, ७, ७, ८, ७, ८. सीटचं कापड शाम्पूच्या फेसानं घासून उन्हात, म्हणजे जेवढं श्रावणात मिळतं तेवढ्या उन्हात, वाळवलं. पहिले दोन दिवस पाठीला वेगळ्याच जागी दुखलं, लंबर एक खाच खाली केल्यावर थांबलं. रेलण्याचा ताण फिरवायची मूठ माझ्या वजनाला फार घट्ट होती, सैल केली, आता नुसता श्वास सोडला तरी पाठ मागे जाते आणि खुर्ची मागोमाग येते. लॉक करतच नाही. लॉक केली की तासभर पुतळ्यासारखं बसणं होतं.

एकूण खर्च आजपर्यंत: ९,००० + ६०० + ४५० + १,८०० = ११,८५०.

१७ ऑगस्ट

पहिल्या अंकाची १९२ पानं लागली. रोज दहा तासांच्या आसपास. दर अर्ध्या तासानं उठायचं ठरवलंय, पाण्याचा तांब्या मुद्दाम टेबलावर ठेवत नाही, स्वयंपाकघरात ठेवते. खुर्ची चांगली झाल्यापासून उठायचं विसरायला होतं हा धोका आहे, मागच्या मंगळवारी सलग अडीच तास बसले आणि संध्याकाळी पाय जड झाले. म्हणून तांब्या.

संपादकांचा फोन, कथा विभागात १६ पानं वाढली.

८ सप्टेंबर

परवा गणपती गेले. दहा दिवस दुपारचे दोन तास तरी काम बंद होतं, पाहुणे, प्रसाद, आरत्या, त्याचा पाठीला फायदाच झाला. दुसरा अंक प्रेसला. गेल्या वर्षी याच आठवड्यात मी फिजिओथेरपिस्टकडे जात होते. यावर्षी संध्याकाळी थकवा येतो, डोळे चुरचुरतात, उजव्या मनगटाला माउसचा ताण जाणवतो, पण कंबर शांत आहे. उठल्यावर लगेच सरळ उभी राहते.

आईनं एक दिवस माझ्या खुर्चीत बसून पेपर वाचला. ती १४८. स्लायडर पूर्ण मागे घेतला तरी तिला सीट खोलच पडते, पाठीमागे उशी द्यावी लागली. तिच्यासाठी वेगळं बघायला हवं.

२९ सप्टेंबर

चौथ्या अंकाची शेवटची पीडीएफ रात्री पावणेबाराला गेली. शेवटच्या तीन दिवसांत बारा-बारा तास झाले. आज भाचीनं काढलेल्या फोटोंचा आकडा ८, जे दोन चुकले ते दोन्ही मुखपृष्ठाचा रंग जवळून बघताना.

राहिलेली कामं: उजव्या आर्मरेस्टची गादी, दादा दिवाळीनंतर आणून देणार आहेत. फळीच्या चॅनलला तेल. पाट परत स्वयंपाकघरात हवाय, पाडव्याला जेवायला माणसं आहेत, सुतारकाकांना तसाच साडेचार सेंमीचा दुसरा करायला सांगितलाय, पुढे किंचित उतार देऊन. आणि आईच्या खुर्चीसाठी तिची मापं घेऊन ठेवली: खळगी ३६, खोली ४१, कोपर १९.